सुझॅन व्हेगाचा ‘सॉलिट्यूड स्टँडिंग’ पहिल्यांदा ऐकताय? मग असा ऐका

हा अल्बम मी आजवर बऱ्याच जणांना घरी बसवून ऐकवलाय, मैत्रिणी, ऑफिसमधली पोरं, भाचा, एकदा तर मावशीसुद्धा, आणि दरवेळी तेच होतं. यातली दोन गाणी लोकांनी कुठेतरी ऐकलेली असतात, एक ‘लुका’ आणि दुसरं ‘टॉम्स डायनर’, आणि बाकीचे नऊ ट्रॅक कुणाच्या गावीही नसतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण हे अकरा ट्रॅक सुटे सुटे करून ऐकायचे नाहीतच, ते एकामागे एक लावलेत आणि कसे लावलेत यातच अर्धा जीव आहे. म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकते, काय सेट करायचं, कुठे थांबायचं, कशाकडे कान द्यायचा.

आधी थोडी माहिती. सुझॅन व्हेगा १९५९ ची, वाढली न्यूयॉर्कमध्ये, बार्नर्ड कॉलेजात शिकली, आणि ग्रीनिच व्हिलेजमधल्या छोट्या छोट्या कॅफेंमध्ये अकूस्टिक गिटार घेऊन स्वतःची गाणी म्हणायची. पहिला अल्बम १९८५ ला आला, त्याला नाव तिचंच. हा दुसरा, १९८७ चा, ए अँड एम रेकॉर्ड्सचा, आणि प्रोड्युसर मुख्य दोघं, स्टीव्ह अडॅबो आणि लेनी के, हा लेनी के म्हणजे रॉक गायिका पॅटी स्मिथ हिच्या बँडमधला गिटारवाला.

आता दुसऱ्या अल्बमचं एक दुखणं असतं, जे स्वतः गाणी लिहून गातात त्यांना तर नक्कीच. पहिल्या अल्बममध्ये माणूस वर्षानुवर्षं साठवलेलं सगळं ओततो, ते चाललं की लगेच दुसरा द्या म्हणून घाई सुरू होते, आणि मधला सगळा वेळ तर दौऱ्यात गेलेला असतो, लिहिणार कधी. व्हेगाने काय केलं तर जुनी ट्रंक उघडली. ‘जिप्सी’ आणि ‘कॅलिप्सो’ पहिल्या अल्बमच्याही कितीतरी आधी लिहिलेली, टॉम्स डायनर पण जुनंच, ते १९८४ मध्ये फास्ट फोक नावाच्या मासिकाच्या रेकॉर्डवर येऊन गेलं होतं. आणि त्यांच्या जोडीला नवी गाणी, ज्यातल्या काहींच्या चालीत दौऱ्यावरच्या बँडचा पण हात आहे. त्यामुळे इथे दोन वयांच्या मुली ऐकू येतात, एक अठरा-एकोणीसची आणि एक पंचविशी ओलांडलेली, आणि दोघींचा आवाज मात्र एकच. हे डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे. बाकी अल्बम चालला पण जोरात, लुका अमेरिकेत तिसऱ्या नंबरपर्यंत गेलं, अल्बम तिकडे अकराव्या आणि इंग्लंडमध्ये दुसऱ्या नंबरपर्यंत.

फोनमध्ये काय काय बदलायचं

शफल बंद. हे पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं. मग क्रॉसफेड बंद, म्हणजे एक गाणं संपत असताना त्यावर दुसरं चढतं ना ते. मग ऑटोप्ले बंद, कारण शेवटचा ट्रॅक संपला की ॲप आपल्या मनाने दुसऱ्याच कुणाचं तरी गाणं लावतं आणि केलेलं सगळं पाण्यात जातं.

आणि साउंड क्वालिटी. स्पॉटिफायवर लो म्हणजे २४ केबीपीएस (आकडा जितका मोठा तितका आवाज नीट), नॉर्मल ९६, हाय १६०, व्हेरी हाय ३२०, तर निदान ३२० ठेवा, डेटा सेव्हर चालू असेल तर बंद करा. ॲपल म्युझिक असेल तर लॉसलेस लावा, म्हणजे आवाजातलं काहीच न कापलेलं. एरवी मी लोकांना एवढं सांगत बसत नाही, पण या अल्बमच्या बाबतीत त्याला खास कारण आहे.

जर्मनीत कार्लहाइन्त्स ब्रँडेनबुर्ग आणि त्यांची टीम जेव्हा एमपीथ्री तयार करत होती तेव्हा ब्रँडेनबुर्ग यांनी तपासणीसाठी जी गाणी वापरली त्यातलं एक म्हणजे यातलाच पहिला ट्रॅक, टॉम्स डायनर. एमपीथ्रीची युक्ती अशी की मोठ्या आवाजाखाली जो बारीक आवाज झाकला जातो तो आपल्याला तसाही ऐकू येत नाही, मग तो टाकून द्यायचा, फाइल लहान होते. पण टॉम्स डायनरमध्ये काही वाजतच नाही. ना गिटार, ना ड्रम, ना तंबोऱ्यासारखं मागे काही. नुसता तिचा आवाज, अगदी जवळून, कोरडा. झाकायला काहीच नाही म्हटल्यावर जिथे जिथे काटछाट केली तिथे तिथे लगेच कळायचं, सुरुवातीला तर तिचा आवाज फारच खराब यायचा, आणि तो आवाज नीट येईपर्यंत त्यांनी पुन्हा पुन्हा दुरुस्त्या केल्या. म्हणून तिला एमपीथ्रीची आई म्हणतात.

तुम्ही पण करून बघा. पहिला ट्रॅक आधी लो वर लावा, मग व्हेरी हाय वर, आणि फक्त ‘स’ आणि ‘श’ कडे आणि दोन ओळींमधल्या श्वासाकडे लक्ष द्या. लो वर ‘स’ पाण्यात बुडवल्यासारखा येतो, श्वास तर गायबच. दोन मिनिटांचं काम आहे पण त्यानंतर तुम्ही आपोआप सावध कानाने ऐकायला लागता, आणि पुढच्या दहा ट्रॅकना तोच कान लागतो.

अजून एक सांभाळायचं. टॉम्स डायनर म्हणून सर्च केलं तर बहुतेक वेळा वर येतं ते बीट लावलेलं. ते १९९० चं, डीएनए नावाच्या इंग्लंडमधल्या जोडीने न विचारता केलेलं रिमिक्स, आणि कंपनीने कोर्टात खेचायच्या ऐवजी ते विकतच घेऊन ऑफिशियली बाजारात आणलं, इंग्लंडमध्ये दुसऱ्या नंबरपर्यंत गेलं. छान आहे ते, मला आवडतं, पण आज नको. अल्बमचं पान उघडा आणि तिथून एक नंबरला हात लावा.

कधी, कुठे, कसं

अख्खा अल्बम पाऊण तासात संपतो. लोकलमध्ये नको, रिक्षात नको, कारण यात शांत जागा फार आहेत आणि बाहेरचा आवाज त्या खाऊन टाकतो. हेडफोन असतील तर उत्तम, साधे वायरवाले पण चालतील. मी स्वतः दुपारी साडेचारच्या आसपास लावते, त्याचं कारण पुढे सहाव्या गाण्याला कळेल.

रेकॉर्डच्या काळात याच्या दोन बाजू होत्या, पहिलीवर पाच, दुसरीवर सहा. पाचवं संपलं की पॉज करा, उठा, पाणी प्या, गॅलरीत जाऊन या, आणि मग सहावं लावा. तेवढी सुट्टी त्या अल्बमच्या हिशोबातच आहे.

इंग्रजीची भीती असेल तर सांगते, मी मराठी मीडियमची आहे आणि मला हिचे शब्द पहिल्याच वेळी कळले होते, निदान ऐंशी टक्के. ती ओरडत नाही, ताना घेत नाही, शेवटचं अक्षर थरथरवत नाही, शेजारी बसून सांगितल्यासारखं गाते. पहिल्या वेळी लिरिक्स उघडू नका. स्क्रीनवर शब्द सरकायला लागले की डोळे वाचतात आणि कान झोपतो. दुसऱ्या वेळी उघडा हवं तर.

आणि मुख्य गोष्ट, हा सगळा लेख खरं तर त्यासाठीच आहे. ही बाई मला असं वाटतंय, मला तसं वाटतंय असं फार कमी सांगते. ती कुठेतरी उभी राहते किंवा बसते आणि समोर काय दिसतंय ते सांगते. म्हणून प्रत्येक गाण्याला स्वतःला एकच प्रश्न विचारायचा, गाणारी कुठे उभी आहे? जागा सापडली की गाणं उघडलं. अल्बमच्या नावातच उभं राहणं आहे, ते उगाच नाही.

पहिली बाजू

टॉम्स डायनर. जागा, खिडकीजवळची खुर्ची, सकाळ, बाहेर पाऊस. हे हॉटेल खरंच आहे, न्यूयॉर्कला ब्रॉडवे आणि ११२ व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, टॉम्स रेस्टॉरंट, सायनफेल्ड ही अमेरिकन टीव्ही मालिका बघितली असेल तर त्यात बाहेरून दिसणारं हॉटेल तेच. तिचा एक फोटोग्राफर मित्र होता, त्याला आपण सगळं जग काचेतून बघतोय असं वाटायचं, आणि त्याच्या त्या नजरेने तिने हे लिहिलं. काउंटरवरचा माणूस कॉफी अर्धीच ओततो, ही काही बोलणार तेवढ्यात त्याचं लक्ष दारातून आत येणाऱ्या बाईकडे जातं. ही पेपर चाळते. मग खिडकीबाहेर एक बाई उभी राहते, हिला वाटतं ती आपल्याकडे बघतेय, पण ती काचेत स्वतःलाच बघत असते, कपडे सारखे करत असते. एवढ्यावर थांबा आणि विचार करा, दोघींच्या मध्ये एक काच, एकीला आरपार दिसतंय आणि दुसरीला फक्त आरसा. मग चर्चच्या घंटा वाजतात, ते चर्च म्हणजे जवळचंच सेंट जॉन द डिव्हाइन, आणि एकदम तिला कुणाचा तरी आवाज आठवतो, एक जुनी रात्र आठवते, आणि लगेच कॉफी संपली, गाडी पकडायची, उठली. आठवण सांगायला तिने जेमतेम दोन-तीन ओळी खर्च केल्या आणि कॉफीला अख्खं कडवं. पहिल्यांदा ऐकताना तो आठवणीचा तुकडा निसटतो, माझा पण निसटला होता. कान तिथे ठेवा.

शेवटी ती शब्द सोडून नुसतं गुणगुणते. ती चाल पाठ करून ठेवा.

लुका. जागा, बिल्डिंगचा जिना. इथे गाणारी म्हणजे एक लहान मुलगा, तो सांगतो मी सेकंड फ्लोअरला राहतो, तुमच्या वरच. अमेरिकेत तळमजल्यालाच फर्स्ट फ्लोअर म्हणतात, म्हणजे हा आपल्या हिशोबाने पहिल्या मजल्यावरचा, अगदी डोक्यावरच राहणारा. रात्री काही आवाज आला, भांडण ऐकू आलं, तरी मला विचारू नका म्हणतो. मीच धांदरट आहे म्हणतो, दारावर आपटलो म्हणतो. त्याला घरात मारतात हे गाण्यात फिरवून फिरवून येतं आणि चाल मात्र उजळ, गिटार तर किणकिणतेय नुसती, मागून शॉन कॉल्विनचा साथीचा आवाज. १९८७ साली हे गाणं रेडिओवर दिवसभर वाजत होतं.

इथे दोन वेळा ऐका. पहिल्यांदा मुलगा म्हणून. दुसऱ्यांदा खालच्या मजल्यावरचा माणूस म्हणून, कारण गाण्यात ज्याला ‘तुम्ही’ म्हटलंय तो कोण आहे, तर आपण. तो माणूस गाण्यात एक शब्द बोलत नाही. मी ठाण्याला ज्या बिल्डिंगमध्ये वाढले तिथे वरच्या मजल्यावरून असे आवाज यायचे आणि सगळे टीव्हीचा आवाज वाढवायचे, त्यामुळे हे गाणं मला नुसतं गाणं म्हणून ऐकताच येत नाही. तुमच्या वर, खाली, शेजारी असं काही ऐकू येत असेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, फोन फुकट आहे, लावा.

आयर्नबाउंड आणि फॅन्सी पोल्ट्री, एकाच ट्रॅकमध्ये दोन तुकडे. माझं सगळ्यात लाडकं, आणि लोक सगळ्यात आधी ओलांडतात ते हेच. आयर्नबाउंड म्हणजे न्यू जर्सीतल्या नेवार्क शहरातला पोर्तुगीज लोकांचा भाग, सगळीकडून रेल्वेच्या रुळांनी वेढलेला म्हणून ते नाव. जागा, बाजाराच्या कडेला. आकाश खाली आलंय, तारा आकाश कापतायत, पुलाच्या लोखंडातून उन्हाचे त्रिकोण जमिनीवर पडलेत, आणि एक आई पोराला शाळेच्या गेटपर्यंत सोडायला चाललीय. हे सगळं हळू. आणि मग गाणं पायरी उतरल्यासारखं बदलतं आणि कोंबडीचं दुकान येतं. काय कितीला ते सांगायला लागते, छाती, मांड्या, काळीज, पाठ स्वस्तात, आणि पंख तर जवळपास फुकट.

त्या पंखांवर थांबा. मटणवाल्याच्या दुकानात रविवारी सकाळी उभं राहिलं की आपणही हेच ऐकतो, लेग वेगळा, ब्रेस्ट वेगळं, विंग्ज स्वस्त, आणि कधी काही वाटत नाही. पण आत्ताच त्या लोखंडाने वेढलेल्या गल्लीतून ती आई चालत गेलीय, आणि लगेच पुढे उडायचे पंख कुणालाच नको असलेला माल म्हणून टोपलीत पडलेत. तिने दोन गोष्टी शेजारी ठेवल्या आणि गप्प बसली, बाईबद्दल एक वाक्य जास्त बोलली नाही. मी तर म्हणेन दुसऱ्या अल्बममध्ये तिने काय कमावलं ते या एका ट्रॅकमध्ये कळतं.

इन द आय वर मी जास्त थांबत नाही. जागा, मारायला आलेल्या माणसाच्या अगदी समोर, डोळ्यात डोळे घालून. ड्रम जोरात आहेत आणि आज ते ऐंशीच्या दशकातले वाटतात.

नाइट व्हिजन मात्र दिवे घालवून ऐकण्यासारखं. फ्रेंच कवी पॉल एल्युआर याची चित्रकार हुआन ग्रिसवर एक कविता आहे, त्यावरून हे सुचलेलं. जागा, काळोखी खोली, कुणाच्या तरी उशाशी. अंधारात आधी रेघ शोध, आकार शोध, मग वस्तू स्वतःच नाव सांगतील, टेबल, गिटार, रिकामा ग्लास. मी तुला उजेडात नाही ठेवू शकत, फक्त अंधारात बघायला शिकवू शकते. लाइट गेल्यावर आजी म्हणायची ना, हलू नकोस, जरा थांब, आपोआप दिसायला लागेल, तसंच अगदी.

आता पॉज. उठा.

दुसरी बाजू

सॉलिट्यूड स्टँडिंग. आता साडेचारचं कारण. एकटेपणा इथे एक बाई आहे, खिडकीपाशी उभी, संध्याकाळ व्हायच्या आधीच्या तिरक्या उन्हात, आणि ही खोलीत शिरते तेव्हा ती वळून बघते. साडेचारला सुरू केलं आणि मधे पाणीबिणी पिऊन आलं तर पाचच्या जरा आधी इथे पोचता, आणि हिवाळा असेल तर आपल्या खिडकीतही तसंच ऊन असतं. पहिल्यांदा हे जुळून आलं तेव्हा मी ठरवून केलं नव्हतं, तेव्हापासून ठरवून करते.

इथे एक फरक ऐका. आतापर्यंत गाणारी उभी राहून बघत होती, आता उभी राहणारी दुसरीच कुणीतरी आहे आणि गाणारी तिच्या नजरेत सापडलीय. आणि एकटेपणा इथे रडका नाहीये, तो काहीतरी वाकडं झालेलं सरळ करायला आलाय, मनगट धरतो. मागे पूर्ण बँड आहे, बास चालत येतो, कीबोर्ड पसरतो. एकटेपणाच्या गाण्याला एवढी माणसं वाजवायला का असं मला आधी वाटायचं, आता वाटतं की बरोबरच आहे, तो एकटेपणा भलामोठा आहे, त्याला खोली भरून टाकायचीय.

कॅलिप्सो, हे जुन्या ट्रंकेतलं. ग्रीक महाकाव्यात ओडिसियस घरी जाताना एका बेटावर अडकतो आणि कॅलिप्सो त्याला सात वर्षं ठेवून घेते. महाकाव्य त्याच्या घरी जाण्याचं आहे, ती मागे राहते आणि गोष्ट पुढे निघून जाते. इथे गाणारी तीच. जागा, वाळूवर, समुद्राकडे तोंड, पहाट. बुडताना मीच काढलं होतं, आज मीच जाऊ देतेय. हे तिने इतक्या लहान वयात लिहिलंय हे मला दरवेळी परत आठवून घ्यावं लागतं.

लँग्वेज मध्ये जागा शोधू नका, नाहीये. हा एकच ट्रॅक असा की जिथे ती कुठेच उभी नाही, कारण इथे शब्दच अपुरे पडलेत, ते घट्ट आहेत आणि तिला हवंय काहीतरी वाहतं. मला हे या अल्बममधलं सगळ्यात कमकुवत गाणं वाटतं, पण जागा नसली की काय होतं ते कळायला उपयोगी आहे, म्हणून गाळू नका.

जिप्सी. पुन्हा जुनी ट्रंक. अठरा वर्षांची असताना ती न्यूयॉर्क राज्यातल्या अ‍ॅडिरॉन्डॅक डोंगरात एका समर कॅम्पमध्ये काम करत होती, तिथे लिव्हरपूलहून आलेला एक मुलगा भेटला, उन्हाळा संपला, निघताना त्याने तिला आपला रुमाल दिला आणि तिने त्याला हे गाणं. जागा, कुणाच्या तरी हातांत. झोपत नसलेल्या बाळाला धरतात तसं मला धर म्हणते. अख्ख्या अल्बममध्ये सरळ सरळ काही मागितलंय ते फक्त इथे. गिटारच्या तारा एकेक करून छेडलेल्या आहेत, शिकत असाल तर पहिलं हेच बसवा, डाव्या हाताला फार त्रास नाही, सगळं काम उजव्या हाताच्या बोटांचं आहे, फक्त घाई करू नका.

वुडन हॉर्स, म्हणजे कास्पर हाउजरचं गाणं. १८२८ साली जर्मनीत न्यूरेंबर्गला एक सोळाएक वर्षांचा मुलगा अचानक उभा दिसला, त्याला नीट बोलता येत नव्हतं, आणि मला लहानपणापासून अंधाऱ्या कोठडीत एकट्याला ठेवलं होतं, खेळायला लाकडाचा घोडा होता असं तो नंतर सांगायचा. १८३३ मध्ये छातीत सुरा लागून मेला, तो होता कोण याचा छडा लागलाच नाही. जागा, कोठडीच्या उंबरठ्यावर, हातात लाकडाचा घोडा, तो त्याच्यापुरता जिवंत झालेला. ताल असा काही दडदडत येतो की घोडा ऐकूच येतो. आणि आता मागे वळून लुका आठवा. पहिल्या बाजूला बंद दारामागचा एक मुलगा, इथे बाहेर आलेला दुसरा. हे मला चौथ्या-पाचव्या वेळी लक्षात आलं आणि अंगावर काटा आला.

शेवटी टॉम्स डायनर परत, पण रिप्राइज, म्हणजे तीच चाल वेगळ्या रूपात पुन्हा. पाठ करायला सांगितलेली चाल इथे येते, वाद्यांवर. सुरुवातीला नुसता आवाज होता आणि वाद्यं नव्हती, आता वाद्यं आहेत आणि आवाज नाही.

माझ्या मावशीला इंग्रजी फारसं येत नाही. ती माझ्याकडे राहायला आली होती, मी अल्बम लावला होता आणि ती शेजारी बसून मटार सोलत होती, मी मुद्दाम काही समजावलं नाही. शेवटचा ट्रॅक सुरू झाला आणि तिचा हात थांबला. म्हणाली, “अगं, हे पहिलंच ना?” मी म्हटलं हो मावशी. जरा वेळ ऐकलं आणि म्हणाली, “मग ती गेली कुठे?”

मी इतक्या वर्षांत हेच शब्दात पकडू शकले नव्हते. सुरुवातीला ती गाडी पकडायला उठली होती ना. शेवटी हॉटेल आहे, चाल आहे, खुर्ची रिकामी आहे.

स्वतः गाणी लिहीत असाल तर

एक काम करून बघा, मी स्वतः करते. एखाद्या उडप्याच्या हॉटेलात खिडकीजवळची जागा धरा, चहा सांगा, आणि चहा संपेपर्यंत फक्त जे दिसतंय आणि ऐकू येतंय तेवढंच वहीत उतरवा. वाटलं, आठवलं, दाटून आलं, असलं काही लिहायचं नाही. बशीत सांडलेला चहा, गल्ल्यावरच्या माणसाची ओली बोटं, बाहेर छत्री मिटणारी बाई, बस. मग घरी येऊन त्यात एकच ओळ स्वतःची घालायची, एकच, आणि ती शेवटाकडे. पहिले आठ-दहा प्रयत्न नुसती यादी होते, होऊ दे. नंतर कधीतरी दोन वस्तू अशा शेजारी येऊन बसतात की तुम्हाला काही बोलावंच लागत नाही. आणि जुन्या वह्या फेकू नका.

यानंतर काय

अल्बम तीन-चार वेळा झाला की मग ‘क्लोज-अप’ ही मालिका घ्या. २०१० ते २०१२ मध्ये तिने आपलीच जुनी गाणी चार भागांत पुन्हा रेकॉर्ड केली, बहुतेक सगळी साध्या गिटारवर, ड्रमबिम काढून. ज्यांना ऐंशीच्या दशकातला तो चकचकीत साउंड बोचतो त्यांनी लुका तिथे ऐकावं. मला मूळचंच जास्त आवडतं, त्या उजळ चालीमुळेच ते गाणं लागतं, पण दोन्ही ऐकून तुमचं तुम्ही ठरवा. १९८५ चा पहिला अल्बम त्यानंतर, उलट क्रमाने गेलात तरी हरकत नाही.

आणि एक जोडी मी सगळ्यांना देते. आधी इथलं जिप्सी लावा, आणि ते संपल्या संपल्या १९९२ च्या तिच्या चौथ्या अल्बममधलं ‘इन लिव्हरपूल’. तोच मुलगा आहे तो, रुमालवाला, आणि ती आता त्याच्या गावात येऊन पोचलीय. रविवार आहे, आणि कान दिलात तर तिथे पण चर्चच्या घंटा वाजतायत.